हो न म्हणणाऱ्या वकीलबाई

आमच्या घरमालकीणबाई 'हो' म्हणत नसत. भाजीवाल्यानं "बाई, अर्धा किलो वांगी देऊ का?" असं विचारलं की म्हणायच्या, "ऐकलं." तो बिचारा तराजू हातात धरून उभा. बाई त्याच्याकडे पाहत उभ्या. शेवटी तोच म्हणायचा, "म्हणजे देतो ना बाई," आणि मग बाई पिशवी पुढं करायच्या.

आम्ही त्यांच्याकडे नवीन राहायला आलो तेव्हा मी एकदा विचारलं, "बाई, चहा घेता का?" बाई म्हणाल्या, "ऐकलं." मला वाटलं, नको असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्याखालून आवाज आला, "पोरी, काल चहा विचारला होता तू. त्याचं का झालं?"

बाई वकील होत्या. तालुक्याच्या कोर्टात फौजदारी केसेस चालवायच्या. उंचीनं माझ्या खांद्याला लागत. केस पोरांसारखे कापलेले, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, आणि अंगावर काळा कोट, तो मे महिन्यातही. आमच्याकडे मे महिन्यात कुत्रीसुद्धा नालीतून उठत नाहीत. बाई कोट घालून बाजारात जायच्या, दळण आणायला जायच्या. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "माहीत पडलं पायजे ना लोकाइले, वकील कुठी भेटते ते."

खाली त्यांचं बिऱ्हाड आणि ऑफिस एकाच खोलीत. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली लाल, निळ्या, हिरव्या प्लास्टिकच्या खुर्च्या. लांबून, पार भामरागडकडून माणसं यायची. सवयीनं दाराजवळ उकिडवी बसायची. बाई काम थांबवायच्या. तो माणूस खुर्चीवर बसेपर्यंत तोंड उघडायच्या नाहीत. "खाली बसलेला माणूस कशालेही हो म्हणते," असं त्यांचं म्हणणं.

वरच्या दोन खोल्या भाड्यानं घ्यायला आम्ही गेलो तेव्हा बाईंनी आमची परीक्षा घेतली होती. मी, माझा नवरा आणि सासूबाई खुर्च्यांवर ओळीनं बसलो. बाईंनी आमचं गाव विचारलं नाही. नवऱ्याकडे बोट करून म्हणाल्या, "समज, दोन पोलीस आले. म्हणाले, चल आमच्यासंगं. का करशील?"

नवरा हसला. "जाईन ना बाई. आपण काही केलंच नाई त भ्यायचं काऊन?"

"नापास," बाई म्हणाल्या आणि किल्ली त्याच्या हातावर ठेवली. "ज्यानं केलं असते तो हुशार असते. तो वकील मांगते. ज्यानं काही केलं नसते तोच मुकाट्यानं जाते, बसते, आणि ते सांगतील ते बोलते. किराया महिन्याच्या पाच तारखेले."

वर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "येडी आहे का ही बाई? घरात पाय टाकला नाई अन् पोलीस!"

गावातही बाईंना लोक अर्धवटच समजायचे. आठवडी बाजारात त्या एक खेळ करायच्या. जिथं जंगलातल्या गावांमधून आलेल्या बाया चारोळी, डिंक, मोहफुलं घेऊन बसतात, तिथं जायचं आणि कोणाला तरी पोलीस करून नाटक करायचं. एकदा मी भाजी घ्यायला गेले आणि त्यांच्या तावडीत सापडले. "तू पोलीस," म्हणाल्या. "या आजीचा हात धर अन् म्हण, चल ठाण्यात." भोवती माणसं जमलेली. त्यात नवऱ्याच्या गावचे, चामोर्शीकडचे दोघे उभे. मला जमिनीत जावंसं वाटलं. पण बाईंनी माझा हात उचलून त्या आजीच्या मनगटावर ठेवलासुद्धा. मी कसंबसं पुटपुटले, "चल ठाण्यात."

आजीनं मोहाची टोपली मांडीशी ओढली, माझ्याकडे खालून वर पाहिलं आणि विचारलं, "काऊन?"

बाईंनी एवढ्या जोरात टाळी वाजवली की शेजारचा मिरचीवाला दचकला. "पास! हाच पहिला प्रश्न होय! कायद्यात त्याले अटकेची कारणं म्हणते, अन् ते सांगाच लागते. काऊन नेता? मंग, घरच्याइले कळवा. मंग, माह्या वकिलाले बोलवा. पैसा नसंन त सरकार फुकट वकील देते. अन् चोवीस तासांच्या आत कोर्टापुढं उभं करा. तोवर मी बोलणार नाई. आपल्याच विरुद्ध बोलाची जबरदस्ती कोणी कोणावर करू शकत नाई."

लोक हसत होते. मी भाजी न घेताच घरी आले. आठवडाभर मला रस्त्यानं जाताना पोरं "काऊन? काऊन?" करून चिडवत होती.

'हो' न म्हणण्यामागची गोष्ट बाईंनी मला फार पुढं सांगितली, तीही एकदाच. लाखोळीच्या डाळीचे वडे खात आम्ही दोघी पायरीवर बसलो होतो. वकिली नवी होती तेव्हाची गोष्ट. भामरागडच्या पलीकडचा एक माडिया माणूस कोर्टात उभा होता. त्याला मराठी येत नव्हतं. जजसाहेबांनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? तो म्हणाला, हो. बाई उठल्या. म्हणाल्या, साहेब, मले दोन प्रश्न विचारू द्या.

"मी त्याले विचारलं, तुले शेपटी आहे का? तो म्हणाला, हो. मंग विचारलं, तू या कोर्टाचा साहेब आहेस का? तो म्हणाला, हो. साहेब समजले. दुभाष्या बोलावला, तारीख पडली, पुढं तो सुटला."

"मंग त चांगलंच झालं ना बाई," मी म्हणाले.

बाई म्हणाल्या, "अख्खं कोर्ट हसलं ना वं पोरी. सारे हसून राह्यले म्हणून तोही हसला. त्याले वाटलं, आपण काही चांगलं बोललो. माह्याकडे पाहून हसला तो." त्यांनी हातातला वडा परत ताटलीत ठेवला. "त्याच्या भाषेत विचारता आलं असतं त हे कराच लागलं नसतं." त्यानंतर बाई गोंडी आणि माडिया शिकल्या. आणि 'हो' तोंडातून गेलं ते गेलंच.

अशा बाईच्या डोक्यावर राहत असताना आमच्या घरात ते घडलं.

माझा नवरा तेंदूपत्त्याच्या एका ठेकेदाराकडे गोदाम सांभाळायचा. तोडणीचा हंगाम संपत आला होता, गोदाम छतापर्यंत पोत्यांनी भरलं होतं. एका दुपारी तो जेवायला घरी आला आणि तेवढ्यात गोदाम पेटलं. वाळलेला पत्ता तो, विझवायला काही उरलंच नाही. नवरा संध्याकाळी काळ्या तोंडानं, हाताला फोड घेऊन आला आणि भिंतीला टेकून बसला. जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन पोलीस आले. "साहेबांनी बोलावलं. दहा मिनिटांचं काम आहे, चौकशी." नवऱ्यानं चपला घातल्या. त्यानं 'काऊन' विचारलं नाही. मीही विचारलं नाही. खाली बाईंचं दार बंद होतं. त्या नळावर गेल्या असाव्यात. आम्हाला तेव्हा त्याचं बरंच वाटलं.

सासूबाईंनी लगेच खिडकी लावून घेतली. "खाली सांगू नको," त्या कुजबुजल्या. "तिच्याकडे कोण येते? चोर, खुनी. आपण तिच्याकडे गेलो म्हणजे आपणही त्यातले झालो. पोरीचं लगन व्हायचं आहे माह्या." माझी नणंद तेव्हा चामोर्शीला मामाकडे शिकत होती. मी मान हलवली. मला ते पटलं होतं. खरं सांगायचं तर सासूबाई बोलल्या नसत्या तरी मी खाली गेले नसते. नवऱ्याला पोलिसांनी नेलं, हे वाक्य मला तोंडातून काढता येत नव्हतं. बाईंसमोर तर नाहीच, कारण तिथं मला 'तुम्ही बरोबर होता' हेही म्हणावं लागलं असतं. दिवसभर मी पाण्याला गेले तीही मागच्या बाजूनं, चपला हातात घेऊन.

दुपार टळली. दहा मिनिटांचं काम संपलं नव्हतं. बाई जिना चढून आल्या.

"नवरा कुठी आहे?"

"कामावर गेले," मी म्हणाले.

"काम त काल जळलं ना."

मी पदर तोंडात कोंबला. सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या. बाईंनी कोटाचं वरचं बटण लावलं आणि म्हणाल्या, "चल."

ठाण्याच्या व्हरांड्यात नवरा जमिनीवर बसला होता. रस्त्यावरून जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसेल असा. चपला, पट्टा काढून घेतलेला. मला पाहून त्यानं गुडघ्यात डोकं घातलं. आत ठेकेदार खुर्चीवर बसून चहा पीत होता. इतकी वर्षं तो आमच्या घरी संक्रांतीला तीळगूळ घ्यायला यायचा. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि बशीत फुंकर मारली.

मला वाटलं होतं, बाई ओरडतील. पण ठाण्यात त्यांचा आवाज बाजारातल्यापेक्षा खाली आला होता. "साहेब, या माणसाले अटक केली का?"

साहेब म्हणाले, "अटक कुठी बाई, साधी चौकशी करून राह्यलो."

"अटक नाई ना? मंग तो घरी जाऊ शकते." नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "ऊठ रे बाबू."

साहेब चमकले. "असं कसं नेता?"

"मंग अटक करा. कारण सांगा, लिहून द्या. ही त्याची बायको, हिले कळवा. मी त्याची वकील, त्याच्याशी बोलू द्या. अन् सकाळी आणला तेव्हापासून वेळ मोजा. दोन्हीतलं कोणतंही करा साहेब, पण हे मधातलं काही नसते."

साहेब वाईट माणूस नव्हता. त्यानं बाईंसाठी खुर्ची मागवली. पण खरी अडचण साहेबांची नव्हतीच. नवरा उठत नव्हता.

बाई त्याच्याशेजारी वाकल्या. तो गुडघ्यातूनच बोलला, "तुम्ही जा बाई. मी सांगून टाकतो, माझीच चूक झाली. बिडी पेता पेता झालं म्हणतो. मंग सोडून देते म्हणतात."

"तू बिडी पेतेस?"

"नाई."

"मंग?"

"सकाळपासून सारे पाहून राह्यले बाई. शाळेचे मास्तर गेले इथून. दूधवाला गेला. मले फक्त इथून उठाचं आहे."

मी खांबाला धरून उभी होते. माझ्या मनात त्या क्षणी जे आलं ते मी आजवर कोणाला सांगितलं नव्हतं. मला वाटलं, म्हणून टाक. बिडीचं म्हण आणि चल घरी, अंधार पडायच्या आत.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालत नाई, हे खरं. पण तुह्या मनात चालंन ना ते. आज म्हणशील अन् वर्षभरात तुलेच वाटाले लागंन, की बिडी होतीच तुह्या हातात. तुही बायको त्या नजरेनं पाहीन तुले. लाज आज आहे, उद्या कमी होते. हे कमी होत नाई." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली.

नवरा बिडीचं म्हणाला नाही. संध्याकाळी त्याला रीतसर अटक झाली. मला कारण सांगितलं, माझी सही घेतली. दुसऱ्या दिवशी कोर्टात उभं केलं. पोलिसांनी ठाण्याची कोठडी मागितली, बाई विरोधात बोलल्या, कोठडी मिळाली नाही. पण जामीन होईपर्यंतचे दिवस त्यानं चंद्रपूरच्या तुरुंगात काढले. जजसाहेबांनी कोर्टात विचारलं होतं, ठाण्यात काही त्रास झाला का? नवरा म्हणाला, "नाही." बाहेर आल्यावर बाई त्याच्यावर चिडल्या. तो म्हणाला, "बसवलं होतं फक्त बाई. रस्त्यावर बसवलं होतं, हे का सांगाचं साहेबाले?"

पुढं तपासात निघालं की आग विजेच्या वायरीमुळं लागली. त्याच्यावरचं प्रकरण तिथंच मिटलं, खटला उभाच राहिला नाही. पण त्याला व्हरांड्यात बसवल्याचा फोटो गावातल्या सगळ्या मोबाईलवर फिरला होता. सुटल्याचा फोटो कोणी काढला नाही. नणंदेची दोन स्थळं त्या फोटोनं मोडली. नवरा बाजारात जाईना. सासूबाईंनी धोशा लावला, या घरातून निघू. इथं राहिलो तर लोकांच्या ध्यानात राहते. आम्ही निघालो. बाईंनी सामान खाली आणायला हात लावला. मी निरोपाचं काही बोलायला गेले तर म्हणाल्या, "स्टोव्ह आडवा नको ठेवू, तेल सांडते."

नणंदेचं लग्न अखेर जमलं. चांगलं घर होतं. मुलगा नोकरीला, त्याचे वडील गावातले मानाचे. फोटोचं त्यांना माहीत नव्हतं, किंवा आम्ही तसं धरून चाललो होतो. पत्रिका वाटताना बाईंचं नाव मी घेतलं नाही आणि सासूबाईंनीही घेतलं नाही. काळा कोट मांडवात आला की व्याही विचारणार, ह्या कोण? कशा ओळखीच्या? नवरा आमचं बोलणं ऐकत बसला होता.

वंदना झाली, लग्न लागलं, पंगती बसायला लागल्या आणि मला मांडवाच्या दारात कोट दिसला. बाई आल्या होत्या. मी व्याह्यांच्या शेजारीच उभी होते. बाईंनी मला पाहिलं, व्याह्यांना पाहिलं, आणि सरळ माझ्यावरून नजर काढून घेतली. अनोळखी माणसासारख्या चालत जाऊन मागच्या ओळीत बसल्या.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. बाजारात, बसमध्ये, मयतीला, मी बाईंना हे करताना पाहिलं होतं आणि मला तो त्यांचा विक्षिप्तपणा वाटायचा. ज्यांना सोडवलं त्यांना त्या ओळख दाखवत नसत. वकीलबाईनं ओळख दाखवली की चार माणसं विचारणार, हिची-तुझी ओळख कशी? सगळ्या तालुक्यात त्यांनी किती माणसं सोडवली असतील, आणि त्यांच्याशी रस्त्यात बोलणारं कोणी नव्हतं. आता मीही त्यातली एक झाले होते. आणि त्यांनी नजर वळवली तेव्हा मला हायसं वाटलं होतं.

नवरा मांडवाच्या दुसऱ्या टोकाला वाढत होता. त्यानं हातातली बादली खाली ठेवली. मागच्या ओळीत गेला, बाईंना दंडाला धरून उठवलं आणि आणलं थेट व्याह्यांसमोर.

"या आमच्या वकीलबाई," तो म्हणाला. आवाज मोठा होता. "मीच बोलावलं याइले. माह्यावर गोदाम जाळल्याची केस होती. तुरुंगात होतो मी. मी काही केलं नव्हतं. बाई नसत्या त आज मी इथी नसतो."

सासूबाईंनी पदरानं तोंड झाकलं. जवळच्या पंगतीत हात थांबले. बाईंचाच चेहरा लाल झाला होता. "तुले कोणी विचारलं होतं का रे?" त्या पुटपुटल्या.

व्याही नवऱ्याकडे पाहत राहिले. मग बाईंकडे. मग म्हणाले, "बाई, जरा इकडं येता?"

आता हे लग्नच राहतं की नाही, या भीतीनं मी त्यांच्या मागं गेले. हात धुवायच्या टाकीपाशी व्याही थांबले. नव्या पांढऱ्या सदऱ्याचं टोक बोटाला गुंडाळत होते. "माह्या लहान भावाले काल दुपारी नेलं," ते म्हणाले. "जंगलखात्यावाल्याइले मारलं म्हणून त्याचं नाव घेतलं कोणी तरी. आम्ही पाव्हण्याइले सांगितलं, त्याले ताप आहे. लगनात कसं सांगाचं? मले वाटलं, आज पार पडू द्यावं, उद्या पाहू."

"काल दुपारी? कोर्टात नेलं का?"

"नाई माहीत बाई. मी विचारलंच नाई कोणाले."

बाईंनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं. "उद्या नाई. आत्ता."

नवऱ्यानं मोटारसायकल काढली. मागं व्याही बसले, त्यांच्या मागं बाई. लग्नाच्या दिवशी वराचा बाप मांडवातून असा निघून गेलेला सगळ्यांनी पाहिला. मी परत आले तर नणंद पाटावरून उठू पाहत होती. "वहिनी, दादा कुठी गेला? अन् मामंजी?"

सासूबाई पदराआडून मला डोळ्यांनी गप्प राहायला सांगत होत्या. आजूबाजूला दोन्हीकडची माणसं जेवत होती.

"ठाण्यात गेले," मी म्हणाले. "तुह्या चुलतसासऱ्याले पोलिसांनी नेलं. त्याले सोडवाले गेले वकीलबाईसंगं."

मी ते हळू म्हणाले नाही. पंगतीत काहींनी माना वर केल्या, काहींनी जास्तच खाली घातल्या. वाढणारा बुंदीची परात घेऊन तसाच उभा राहिला. मग पलीकडच्या रांगेतली, मुलाकडची एक म्हातारी त्याला म्हणाली, "वाढ ना बापा. अन् त्या चौघाइचं ताट झाकून ठेवजो. भुकेले येतीन."